घाण्याच्या तेलाने कोलेस्टेरॉलची गोळी सुटत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत सांगली-मिरजेपासून आष्टा, विटा, कराडपर्यंत ठिकठिकाणी लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे. आपल्याच शिवारातला शेंगदाणा आपल्या डोळ्यांदेखत घाण्यात पडतो, पेंड वेगळी निघते, तेलाला शेंगेचा खरा वास येतो आणि चार पैसे गावातच राहतात. यात खटकण्यासारखे काहीच नाही. खटकते ते हे की, अलीकडे काही घाण्यांवर आणि तेलाच्या दुकानांत ‘यात नैसर्गिक प्लांट स्टेरॉल आहेत, कोलेस्टेरॉल कमी होते’ असे पुठ्ठ्यावर लिहून लावलेले दिसते, आणि तोंडी तर त्यापुढे जाऊन ‘महिनाभर हे तेल घ्या, गोळीची गरज उरणार नाही’ असेही सांगितले जाते. मी ३४ वर्षे सांगलीत औषधांचे दुकान चालवून आता निवृत्त झालो आहे. या विधानातला पहिला भाग अर्धवट खरा आणि दुसरा धोक्याचा आहे, हे आपल्या पत्राच्या वाचकांपुढे सविस्तर मांडावे, या हेतूने हे लिहीत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो घरातल्याच अनुभवामुळे. वाळवा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून ते रोज रात्री स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची, एक गोळी घेत होते आणि त्यांचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ६८ वर स्थिर होते. या पावसाळ्यात मी गावी गेलो असता सकाळी चहाच्या आधी त्यांनी फडताळातून तेलाची बाटली काढली, पोह्याच्या चमच्याने मोजून दोन चमचे तेल वाटीत घेतले आणि ते पिऊन टाकले. विचारल्यावर कळले की, तेल घेताना दुकानात कोणीतरी स्टेरॉलची माहिती दिली होती, आणि ती पटल्यामुळे त्यांनी चार महिन्यांपूर्वीच गोळी बंद केली होती. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले, तेव्हा एलडीएल १४२ निघाले. बंधू अडाणी नाहीत. आयुष्यभर त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आहे. त्यांना सांगितलेली माहिती शास्त्रीय शब्दांत होती आणि त्यातला मूळ शब्द खरा होता. त्यामुळेच त्यांचा विश्वास बसला.

स्टेरॉल म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करतो. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागते. वनस्पतींच्या पेशींना त्याच कामासाठी त्यांचे स्वतःचे स्टेरॉल लागतात. बीटा-सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल ही त्यांतली मुख्य नावे. रचनेत हे रेणू कोलेस्टेरॉलचे सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे असतात. फरक असतो तो शेपटासारख्या बाजूच्या साखळीत: कॅम्पेस्टेरॉलमध्ये तिथे एक कार्बन अधिक असतो, सिटोस्टेरॉलमध्ये दोन. हा फरक आपल्या भागाला दुसऱ्या एका कारणानेही जवळचा आहे. शुद्ध तुपात कोलेस्टेरॉल असते, पण वनस्पतीचे स्टेरॉल नसतात; म्हणून तुपाच्या नमुन्यात प्रयोगशाळेला सिटोस्टेरॉल सापडले, तर त्यात वनस्पती तेल किंवा डालडा मिसळला आहे, हे उघड होते. तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाचे मोलही यावरून ठरवता येते. शेंगदाणा असो, सूर्यफूल असो की सरकी, कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नाव घेण्याइतके नसते, त्यामुळे तो कोणत्याही एका कंपनीचा गुण नव्हे.

आता हे स्टेरॉल पोटात काय करतात ते पाहू. आपल्या लहान आतड्यात रोज जे कोलेस्टेरॉल येते, त्यातला थोडाच भाग जेवणातून येतो. त्याच्या दुपटी-तिपटीने, म्हणजे सुमारे एक ग्रॅम, पित्तरसातून येतो. म्हणूनच अंड्याला कधी न शिवलेल्या शाकाहारी माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढू शकते. पित्तरस स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म थेंब करतो, त्या थेंबांत बसून कोलेस्टेरॉल आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचते आणि तिथल्या एका ठराविक दारातून आत शिरते. जेवणात वनस्पतीचे स्टेरॉल भरपूर असले, तर एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते थेंबांतल्या जागा धरतात आणि कोलेस्टेरॉलला बाहेरच राहावे लागते. स्वतः स्टेरॉल मात्र शरीरात फारसे जात नाहीत: कोलेस्टेरॉल साधारण निम्मे शोषले जाते, तर स्टेरॉल शंभरात पाचाहूनही कमी, कारण जे थोडे आत शिरतात त्यांतले बहुतेक आतड्याच्या पेशी पुन्हा बाहेर ढकलतात. आतड्यातून येणारे कोलेस्टेरॉल घटले, की यकृत रक्तातले एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. त्याच वेळी ते स्वतःचे उत्पादनही थोडे वाढवते, आणि त्यामुळे या उपायाचा एकूण परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही. माझ्या बंधूंच्या प्रयोगात तर दुसरीही चूक होती. स्टेरॉलचा उपयोग व्हायला ते जेवणासोबत, पित्तरस वाहत असताना पोटात असावे लागतात. पहाटे उपाशीपोटी घेतलेल्या तेलातून तो होत नाही.

परंतु सगळ्यात मोठी गफलत मात्रेची आहे, आणि माझ्या मते या पत्रातला हा भाग वाचकांनी सावकाश वाचावा. एलडीएल ८ ते १० टक्के खाली यायला रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल पोटात जावे लागतात. ही २ ग्रॅमची मात्रा अनेक देशांतल्या अनेक चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसून आलेली आहे आणि तीविषयी आज वाद नाही. आता शेंगदाणा तेलाचा हिशेब करा. शंभर ग्रॅम शेंगदाणा तेलात साधारण २०० मिलिग्रॅम स्टेरॉल असतात. माझे बंधू पीत होते ते तेल फार तर २५ ग्रॅम. त्यातून त्यांना मिळाले ५० मिलिग्रॅम, म्हणजे लागणाऱ्या मात्रेचा चाळिसावा भाग. पूर्ण मात्रा त्या तेलातून घ्यायची ठरवली, तर रोज एक किलो तेल प्यावे लागेल. अख्खे शेंगदाणे घेतले, तरी हिशेब फारसा बदलत नाही: मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांतून ६५-७० मिलिग्रॅम स्टेरॉल मिळतात. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या करडईच्या तेलात हे प्रमाण शंभर ग्रॅमला २०० ते ४५० मिलिग्रॅमच्या दरम्यान भरते, तिळाच्या तेलात त्याहून अधिक, तर खोबरेल आणि पामतेलात बरेच कमी. रोजच्या वापरातल्या तेलांत सर्वांत वरचा क्रमांक तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा, ज्यात शंभर ग्रॅममागे एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक स्टेरॉल असतात. त्याच्या बाटलीवर जे ‘ओरिझॅनॉल’ लिहिलेले असते, तेही याच कुळातल्या संयुगांचे मिश्रण आहे. पण त्या तेलातूनही २ ग्रॅम मिळवायचे, तर रोज पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास तेल पोटात घालावे लागेल, म्हणजे केवळ तेलातून दीड हजारांहून अधिक कॅलरी. हृदयाच्या रुग्णाला कोणताही डॉक्टर असे सांगणार नाही.

याचा अर्थ घाण्याचे तेल टाकाऊ आहे, असा कोणी काढू नये. रिफाइंड करताना तेलातले काही स्टेरॉल निघून जातात, हे खरे आहे, आणि तेवढ्यापुरते घाण्याचे तेल उजवे ठरते. भाकरी, उसळ, पालेभाजी, दाण्याची आणि कारळ्याची चटणी, तीळ अशा आहारातून माणसाला दिवसाकाठी काहीशे मिलिग्रॅम स्टेरॉल मिळतात, आणि शाकाहारी घरांत ते जरा जास्तच मिळतात. ज्यांच्या रोजच्या जेवणात असे नैसर्गिक स्टेरॉल अधिक असतात, त्यांचे एलडीएल किंचित कमी असल्याचे इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत दिसलेही आहे. तो आपल्या जुन्या जेवणाचा गुण आहे आणि तो टिकवला पाहिजे. मात्र किंचित कमी असणे निराळे आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचे एलडीएल सत्तरीच्या आत ठेवणे निराळे.

मग २ ग्रॅम मिळतात तरी कुठून, असा प्रश्न येईल. स्टेरॉलचा गुण जुनाच ठाऊक आहे: १९५१ साली कोंबडीच्या पिलांवर सोयाबीनच्या स्टेरॉलचा प्रयोग झाला, पुढे १९५३ मध्ये माणसांवर झाला आणि त्याच दशकात अमेरिकेत ‘सायटेलिन’ नावाचे औषधही निघाले. पण शुद्ध स्टेरॉल पाण्यातही नीट विरघळत नाहीत आणि तेलातही, त्यामुळे त्या औषधाची मात्रा इतकी मोठी घ्यावी लागे की रुग्ण कंटाळत. हा अडसर दूर झाला तो स्टेरॉलला किंवा त्याच्याच संपृक्त रूपाला, म्हणजे स्टॅनॉलला, मेदाम्ल जोडून एस्टर तयार केल्यावर, कारण एस्टर तेलात सहज मिसळतात. फिनलंडमध्ये १९९५ साली अशा स्टॅनॉल एस्टरचे मार्गारीन, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेले लोण्यासारखे स्निग्ध, ‘बेनेकॉल’ या नावाने बाजारात आले. त्याच वर्षी तिथल्या नॉर्थ कारेलिया भागातील १५३ लोकांवर वर्षभर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ज्यांत एलडीएल सुमारे १४ टक्के उतरल्याचे दिसले. त्यानंतर जगभर दूध, दही, मार्गारीन यांत स्टेरॉल घालून विकण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे परिणाम दिसला तो मुद्दाम स्टेरॉल मिसळलेल्या, मात्रा मोजून दिलेल्या पदार्थांचा. तो पुरावा साध्या तेलाच्या बाटलीला चिकटवणे चुकीचे आहे.

अशा मिसळलेल्या पदार्थांनाही मर्यादा आहेत. ३ ग्रॅमच्या पुढे मात्रा वाढवून फायदा वाढत नाही. घेणे थांबवले, की दोन-तीन आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. आपल्याकडच्या अनेकांच्या अहवालात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, वाढलेले असते, त्यावर स्टेरॉलचा फारसा परिणाम होत नाही. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांतल्या कॅरोटीनचे शोषण स्टेरॉलमुळे थोडे घटते, म्हणून हे पदार्थ घेणाऱ्याने या भाज्या वाढवाव्यात. आणखी एक गोष्ट औषधाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला फार महत्त्वाची वाटते: स्टेरॉलमुळे एलडीएलचा आकडा उतरतो हे सिद्ध आहे, पण हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे थेट दाखवणारी चाचणी आजवर झालेली नाही. स्टॅटिनच्या बाबतीत तसा पुरावा भरभक्कम आहे. म्हणूनच ब्रिटनमधील नाइस या संस्थेने हृदयविकार टाळण्यासाठी स्टेरॉल सुचवू नयेत, अशी भूमिका घेतली, तर युरोपातील धमनीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली, इतर उपचारांच्या जोडीला त्यांचा विचार करता येईल, असे म्हटले. या दोन मतांत अंतर आहे, परंतु ‘गोळीच्या ऐवजी’ असे दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक अत्यंत विरळ आनुवंशिक आजारही आहे, ज्याचे पहिले वर्णन १९७४ साली झाले. यात स्टेरॉल बाहेर ढकलणारी आतड्याची यंत्रणाच बिघडलेली असते, त्यामुळे ते रक्तात साठतात, लहान वयातच त्वचेवर व स्नायूंच्या दोऱ्यांवर पिवळट गाठी येतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तरुणपणीच खराब होऊ शकतात. अशा रुग्णाला स्टेरॉल मिसळलेले पदार्थ अपायकारकच ठरतात. मुलाच्या कोपरावर, गुडघ्यावर किंवा टाचेच्या वर अशा गाठी दिसल्या, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

गोळीच्या जोडीने काय करता येते, हे मात्र आशादायक आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली, तर एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरते. चालू गोळीसोबत २ ग्रॅम स्टेरॉल घेतले, तर त्याहून थोडा अधिकच फरक पडू शकतो, कारण गोळी यकृतात काम करते आणि स्टेरॉल आतड्यात. कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने २००३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात स्टेरॉल, सोयाबीनची प्रथिने, बदाम आणि चिकट तंतू असलेले पदार्थ एकत्र देऊन महिनाभरात एलडीएल सुमारे २९ टक्के उतरले, जवळपास त्या चाचणीतल्या स्टॅटिनइतकेच. त्या चिकट तंतूंसाठी इसबगोल, ओट्स, बार्ली यांबरोबर भेंडी आणि वांगीही वापरली होती. कृष्णाकाठच्या वांग्याचे कौतुक आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त ते भरताना तेलाचा तवंग किती आणतो, एवढे पाहावे. माझ्या वहिनींना मी हे सांगितले, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा भेंडी किंवा वांगे आणि रात्री जेवणाआधी पाण्यातून इसबगोल, असा क्रम त्यांनी घरात लावून घेतला आहे.

स्टेरॉल मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांसाठी आपल्या देशात लेबलचे नियम आहेत. शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम आहेत ते लिहिले पाहिजे, कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय देखरेखीखालीच वापरावे, गर्भवती व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांना ते योग्य असेलच असे नाही, आणि दिवसाला ३ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, अशा सूचना त्यावर हव्यात. पण लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले, तरी कायद्याचे समाधान होते, आणि पिशवीच्या मागच्या बाजूची बारीक इंग्रजी अक्षरे आमच्या बंधूंच्या वयाच्या माणसाला भिंग घेऊनही वाचवत नाहीत. निदान आपल्या जिल्ह्यांत विकणाऱ्यांनी या सूचना ठळक मराठीत द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. घाणेवाल्या बांधवांना सांगणे एवढेच की, स्टेरॉलचा पुठ्ठा लावायचाच असेल, तर त्यावर शंभर ग्रॅममागचे मिलिग्रॅमही लिहावेत. आणि गोळीविषयीचा सल्ला त्यांनी गिऱ्हाइकाला अजिबात देऊ नये. त्यांच्या तेलाला चवीसाठी आणि ताजेपणासाठी गिऱ्हाईक आहे, ते कुठेही जाणार नाही.

बंधूंनी डॉक्टरांना भेटून गोळी पुन्हा सुरू केली. सहा आठवड्यांनी एलडीएल ७१ आले. घाण्याचे तेल घरात अजूनही येते, आता फोडणीपुरते आणि मोजून.

शेवटी माझ्या पूर्वीच्या व्यवसायबंधूंना एक विनंती. दरमहा गोळ्यांची पट्टी नेणारे गिऱ्हाईक दोन महिने फिरकले नाही, तर त्याला फोन करून विचारावे. आपल्याकडे त्याचा नंबर असतो आणि विचारायला दोन मिनिटे लागतात. माझ्या बंधूंना त्या चार महिन्यांत कोणीही विचारले नाही. दर रविवारी मी त्यांच्याशी फोनवर बोलत होतो, आणि मीही विचारले नाही.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली